आधी कड्या मोजा, मग बेस प्लेट वेल्ड करा

माझ्या टेबलाच्या खणात एक इंची चेनची मोडलेली कडी आहे. हाफ लिंक, म्हणजे मधे वाकवलेल्या पट्ट्यांची जोडकडी. तिची एक पट्टी जिथे वाकवलेली असते नेमकी तिथेच आडवी तुटली आहे. तुटलेल्या कडेवर भिंग धरलं की दोन भाग वेगळे दिसतात. एक काळपट, गुळगुळीत, तेल मुरलेला. दुसरा खरखरीत, तुटली त्या दिवशी तो चांदीसारखा चकाकत होता, आता त्यावर गंज धरलाय. काळपट भाग म्हणजे चीर रोज थोडी थोडी पुढे सरकत होती ते दिवस. खरखरीत भाग म्हणजे शेवटचा झटका.

२०१३ च्या मार्चमध्ये, भर हळदीच्या सीझनमध्ये, रात्री अकराच्या सुमारास ती तुटली. बसवली होती मी.

आमचं वर्कशॉप कुपवाडच्या एमआयडीसीत. बाबांनी एका जुन्या लेथवर सुरू केलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून २०११ मध्ये तिथे बसायला लागले. आमची कामं आजूबाजूच्या गरजेची: हळद पॉलिशचे ड्रम, बकेट एलिव्हेटर, कडबा कुट्टीची दुरुस्ती, तासगावकडच्या बेदाण्याच्या ग्रेडिंग मशीन. यातल्या जवळजवळ प्रत्येक मशीनमध्ये कुठे ना कुठे दोन स्प्रॉकेट, म्हणजे दातेवाली चाकं, आणि त्यांच्यावर एक रोलर चेन असतेच. आणि आठवड्यातून एकदा तरी फोन येतो, "ताई, चेन किती लागंल?" फोनवर दोन मिनिटांत जे सांगता येत नाही ते सगळं इथे लिहिते.

त्या ड्रमची गोष्ट आधी सांगते, कारण हिशोबाचे आकडे त्याच कामातले आहेत.

हळद काढली की शिजवतात, मग पंधरा-एक दिवस उन्हात वाळवतात. वाळलेलं हळकुंड खडबडीत आणि मळकट दिसतं. त्याला बाजारात भाव मिळायचा तर पॉलिश लागतं: जाळीचा मोठा ड्रम, त्यात माल भरायचा आणि सावकाश फिरवायचा. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासतात, साल आणि मुळ्या झडतात, पिवळी धूळ खाली पडते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचा हा पिवळा चकाकता रंग गावोगावच्या अशाच ड्रमांतून बाहेर पडतो. सीझनला ड्रम रात्रंदिवस चालतात. त्या दिवसांत ड्रम बंद म्हणजे अंगणात माल पडून, गडी बसून, आणि आभाळ भरून आलं तर जीव टांगणीला.

त्या शेतकऱ्याच्या ड्रमला आधी पट्टा होता. भरलेला ड्रम सुरू करताना पट्टा घसरायचा, म्हणून त्यांनी आम्हाला चेन ड्राइव्ह बसवायला सांगितलं. ५ एचपीची १४४० आरपीएमची मोटर, तिला २० रेशोचा गिअरबॉक्स, म्हणजे बाहेर ७२ फेरे. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर १७ दात्यांचं स्प्रॉकेट, ड्रमच्या शाफ्टवर ४५ दात्यांचं. ७२ गुणिले १७ भागिले ४५, ड्रम मिनिटाला साधारण २७ फेरे फिरणार. चेन १६बी, म्हणजे आपण दुकानात एक इंची म्हणतो ती. गिअरबॉक्सचा बेस आम्ही वर्कशॉपमधून करून नेला आणि तिथेच जुन्या फ्रेमला वेल्ड केला. बेसला मागे-पुढे सरकायला प्रत्येकी १२ मिलिमीटरचा स्लॉट.

वेल्डिंग झालं, दोन्ही स्प्रॉकेट चढली, आणि मग मी टेप काढला. इथेच दोन चुका झाल्या होत्या. दुसरी मला त्याच दिवशी कळली. पहिली कळायला तीन आठवडे गेले.

दुसरी चूक मोजण्याची. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या डाव्या कडेला टेपचा हूक अडकवला आणि ड्रमच्या शाफ्टच्या डाव्या कडेवर आकडा वाचला: ८९२ आणि अर्धा. डावीकडून डावीकडे मोजलं की सेंटर टू सेंटर मिळतं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. मिळतं, पण दोन्ही शाफ्ट सारख्या जाडीचे असतील तरच. इथे एक ४५ मिलिमीटरचा, दुसरा ८० चा. दोन्हींच्या निम्म्यात फरक साडेसतरा मिलिमीटरचा. खरं अंतर ९१० होतं.

तेव्हापासून मी एकच पद्धत वापरते. आधी दोन शाफ्टच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं, मग आतल्या कडांमधलं. दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मी केली की सेंटर टू सेंटर अंतर. या ड्रमवर बाहेरून बाहेर ९७२.५, आतून आत ८४७.५, बेरीज १८२०, निम्मे ९१०. शाफ्टची जाडी मोजायला लागत नाही, शाफ्ट वेगवेगळ्या मापाचे असले तरी फरक पडत नाही. आणि एक मोजमाप चुकलं तर दुसऱ्याशी ताडून बघता येतं: दोन आकड्यांतला फरक दोन्ही शाफ्टच्या जाडीच्या बेरजेइतका यायला हवा. ४५ आणि ८० म्हणजे १२५, आणि ९७२.५ वजा ८४७.५ म्हणजेही १२५. जुळलं की टेप खिशात घालायचा.

आता हिशोब. चेनची लांबी मिलिमीटरमध्ये काढू नका, कड्यांमध्ये काढा. चेन शेवटी कड्यांमध्येच तुटते आणि कड्यांमध्येच जुळते. म्हणून सेंटर अंतराला पिचने भागायचं. पिच म्हणजे एका पिनच्या मध्यापासून शेजारच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर.

पिच चेनच्या नंबरातच लिहिलेला असतो. ०८बी, १०बी, १२बी, १६बी यांतला आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. ०८बी म्हणजे आठ सोळांश, अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. १०बी १५.८७५, १२बी १९.०५, १६बी पुरा इंच, २५.४. अमेरिकन नंबर असेल, ४०, ६०, ८०, तर पहिला आकडा इंचाचे आठवे भाग सांगतो. ८० नंबर म्हणजे आठ अष्टमांश, तोही एक इंच. मोटरसायकलच्या ४२८ चेनमधला पहिला ४ हाच, अर्धा इंच. रोलर चेनचं पेटंट हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस माणसाने १८८० मध्ये मँचेस्टरमध्ये घेतलं. तेव्हापासूनचा इंच आजही आपल्या दुकानातल्या पेटीवर बसलेला आहे.

इथे एक सावधगिरी. १६बी आणि ८० नंबर, दोन्हींचा पिच एकच, त्यामुळे लांबीचा हिशोब एकच. पण १६बीची आतली रुंदी १७ मिलिमीटर आणि ८० नंबरची पावणेसोळा. १६बीसाठी कापलेलं स्प्रॉकेट ८० च्या चेनमध्ये अडकतं. दुकानदार "एक इंचीच हाय की" म्हणून देतो आणि घेणारा घरी येऊन दात्यांना कानस लावत बसतो. ती कानस लावू नका, चेन बदलून आणा.

तर ९१० ला २५.४ ने भागलं: ३५.८३ पिच. हे अंतर. आता चेन कुठून कुठे जाते ते डोळ्यापुढे आणा. वरून एक पदर जातो, खालून एक येतो, म्हणजे अंतराच्या दुप्पट. लहान स्प्रॉकेटला ती साधारण अर्धा वेढा घालते, म्हणजे त्याच्या निम्म्या दात्यांइतक्या कड्या. मोठ्यालाही अर्धा वेढा, त्याच्याही निम्म्या. इतकं समजलं की नव्वद टक्के हिशोब झाला. उरलं ते एवढंच: स्प्रॉकेट लहान-मोठी असतात, म्हणून पदर सरळ समांतर न जाता तिरके जातात, मोठ्याला अर्ध्याहून जास्त आणि लहानाला अर्ध्याहून कमी वेढा पडतो. त्याची भर घालायला तिसरा तुकडा:

लांबी (कड्यांत) = २ × अंतर + (दोन्ही दात्यांची बेरीज ÷ २) + (दात्यांमधला फरक ÷ ६.२८)² ÷ अंतर

अंतर पिचमध्ये घ्यायचं, मिलिमीटरमध्ये नाही. दोन्ही स्प्रॉकेट सारखी असतील तर तिसरा तुकडा शून्य.

आमच्या ड्रमला: दुप्पट अंतर ७१.६५. दात्यांची बेरीज ६२, निम्मे ३१. फरक २८, त्याला ६.२८ ने (नेमकं ६.२८३ ने) भागून ४.४५६, त्याचा वर्ग १९.८६, त्याला ३५.८३ ने भागून ०.५५. एकूण १०३.२१.

मी मात्र त्या दिवशी ८९२.५ धरून हाच हिशोब केला आणि उत्तर आलं १०१.८४. मनात म्हटलं, झकास, १०२. सूत्र बरोबर, गुणाकार-भागाकार बरोबर, फक्त टेपचा आकडा खोटा. साडेसतरा मिलिमीटरच्या चुकीने जवळजवळ दीड कडी खाल्ली, कारण अंतरातली चूक चेनमध्ये दुप्पट होऊन येते. वरचा पदर चुकतो आणि खालचाही.

१०२ कड्या कापल्या. चेन दोन्ही स्प्रॉकेटवर घातली, टोकं जवळ आणली, मधे सव्वा कडीची फट. बेस स्लॉटमध्ये जितका आत जातो तितका सरकवला, म्हणजे अंतर ८९८ वर आणलं. तरी सात मिलिमीटर कमीच. शेतकरी शेजारी उभे. म्हणाले, "पुलर लावून वढा की, येतंय बघा." पुलरने टोकं जुळली असती, पण चेन तारेसारखी ताणली असती आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगने दम सोडला असता. माझ्याकडे डब्यात एक हाफ लिंक होती. ती जोडली, १०३ कड्या झाल्या, बेस मागे घेतला, चेन ९०७ वर नेमकी बसली. जरा ढील, जरा ताण, पाहिजे तशी. ड्रम फिरला. बाबा मशीनच्या पलीकडे उभे राहून चेनकडे बघत होते. एवढंच म्हणाले, "हाफ लिंक टाकलीस होय," आणि हत्यारं गोळा करायला लागले.

हाफ लिंक का लागते ते चेन हातात घेऊन बघा. एक कडी आतली, रोलरवाली, तिच्या शेजारची बाहेरची, नुसत्या पट्ट्यांची, पुन्हा आतली. अशी एकाआड एक. गोल जोडताना शेवटच्या आतल्या कडीला बाहेरचीच कडी मिळायला हवी, म्हणून एकूण कड्या सम असाव्या लागतात: १०२, १०४, १०६. विषम आकडा आला की दोन आतल्या कड्या समोरासमोर येतात आणि त्या जोडायला अशी कडी लागते जी एका टोकाला आतली आणि दुसऱ्या टोकाला बाहेरची असेल. त्यासाठी तिच्या पट्ट्या मधे वाकवाव्या लागतात. सरळ पट्टी नुसता ताण घेते. वाकवलेली पट्टी प्रत्येक ओढीला थोडी सरळ व्हायला बघते आणि सोडल्यावर परत वाकते. भरलेला ड्रम दर वेळी सुरू होताना तिला असाच झटका देत होता, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. वर तिच्या एका पिनेला नुसती कॉटर, म्हणजे आडवी अडकवलेली खिळ, बाकीच्या पिनांसारखी दाबून बसवलेली नाही. सायकलवर, हाताने फिरवायच्या यंत्रावर हाफ लिंक चालते. झटक्याच्या लोडवर मी ती आता कुणाला देत नाही, मागितली तरी नाही.

तीन आठवडे चालली. मग त्या रात्री ड्रम अर्धा भरलेला असताना पट्टी तुटली, चेन सुटून गार्डवर आदळली. गार्ड १६ गेजच्या पत्र्याचा, बाबांनी हट्टाने बनवायला लावलेला. माझ्या मते तेव्हा तो खर्च वाढवणारा होता. पत्र्याला बाहेरून तळहाताएवढा फुगवटा आला होता. गार्डच्या पलीकडे, त्या फुगवट्यापासून दोन हातांवर, पोत्यावर बसून एक बाई हळकुंडं निवडत होत्या. त्यांना काही झालं नाही. त्या रात्री साडेबाराला तिथे पोचल्यावर मी आधी तो फुगवटा पाहिला आणि मग चेन.

गावात लाइट सकाळी सहाला जाणार होती. बाबांनी टॉर्च धरला, मी पुन्हा टेप लावला, या वेळी बाहेरून आणि आतून. ९१० आलं. कागदावर १०३.२१ आलं. आणि तेव्हा पहिली चूक समोर उभी राहिली.

१०३.२१ कड्यांची चेन जगात नसते. १०२ चालणार नाही, १०३ ला हाफ लिंक, म्हणजे १०४ च घ्यायची. मग प्रश्न उलटा होतो: १०४ कड्यांची चेन नीट बसायला शाफ्ट किती अंतरावर हवेत? सूत्र उलटं फिरवायचं. कड्यांतून दात्यांच्या बेरजेचं निम्मं वजा करा: १०४ वजा ३१, ७३. त्याचा वर्ग ५३२९. त्यातून मघाच्या १९.८६ ची आठपट, १५८.९ वजा करा: ५१७०.१. वर्गमूळ ७१.९०. त्यात ७३ मिळवून चाराने भागा: ३६.२३ पिच, म्हणजे ९२० मिलिमीटर.

वर्गमूळ नको असेल तर सोपा मार्ग: १०४ वजा १०३.२१ म्हणजे ०.७९ कडी जास्त. तिचं निम्मं, ०.४ पिच, म्हणजे १० मिलिमीटर शाफ्ट लांब न्यायचा. ९१० अधिक १०, तेच उत्तर. लांबीतला फरक दोन पदरांत वाटला जातो, म्हणून निम्मं. साइटवर मी असंच करते आणि वर्कशॉपमध्ये येऊन वर्गमूळाने तपासते.

९२० पर्यंत आमचा बेस सरकत होता. स्लॉटचं टोक ९२२ वर. म्हणजे चेन बसली, पण पुढे ताणायला दोन मिलिमीटर उरले. चालू झाल्यावर चेन वाढते. "चेन वाढली" म्हणतो तेव्हा पट्ट्या ताणल्या गेलेल्या नसतात. पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) घासून प्रत्येक सांध्यात केसाएवढी ढील येते आणि १०४ सांध्यांची ढील एकत्र दिसते. १०४ कड्यांची लांबी २६४२ मिलिमीटर. दोन टक्के वाढली तर ५३ मिलिमीटर, आणि शाफ्टला त्याच्या निम्मं, २६ मिलिमीटर मागे जावं लागतं. माझ्या दोन मिलिमीटरचा पहिल्या पंधरवड्यातच फडशा पडला असता. म्हणून त्या रात्री ग्राइंडरने बेसचे चारही स्लॉट ३० मिलिमीटर मागे लांबवले. पहाटे साडेपाचला ड्रम फिरला. ती चेन तिथे पुढचे सीझन चालली.

पहिली चूक ही: आम्ही बेस आधी वेल्ड केला आणि चेनला नंतर विचारलं. मोटर बसेल तिथे बसवायची आणि चेन तिला पुरवून घ्यायची, ही आमच्याकडची सरसकट रीत आहे. पट्ट्याला ती बऱ्यापैकी चालून जाते. चेनला फक्त सम आकडे चालतात, म्हणून तडजोड अंतराने करायची. माझा क्रम आता ठरलेला आहे. जागा बघून अंदाजे अंतर धरायचं, ३० ते ५० पिचच्या दरम्यान राहिलं तर उत्तम. त्यावरून कड्या काढायच्या, पुढच्या सम आकड्यावर न्यायच्या. त्या सम आकड्यावरून नेमकं अंतर उलट काढायचं आणि ड्रॉइंगवर तेच लिहायचं. मग स्लॉट: आतल्या बाजूला अर्धा पिच, चेन चढवून लॉक, म्हणजे टोकं जोडणारी क्लिपवाली कडी, बसवायला, बाहेरच्या बाजूला चेनच्या लांबीचा निदान एक टक्का, म्हणजे दोन टक्के वाढ पोटात घेता येते. एवढं झाल्यावर वेल्डिंग रॉड हातात घ्यायचा.

बाबांची पद्धत वेगळी होती आणि ती खोटी नव्हती. ते चेन थेट दोन्ही स्प्रॉकेटवर घालायचे, हाताने ढील बघायचे, खडूने खूण करून तिथे तोडायचे. टेप नाही, कागद नाही, त्यामुळे माझ्यासारखी साडेसतरा मिलिमीटरची चूक त्यांच्याकडून कधी व्हायचीच नाही. तयार मशीनवर जुनी चेन बदलायची असेल तर मीही तेच करते, किंवा जुन्या चेनच्या कड्या मोजते. जुनी चेन नवीशेजारी ठेवून लांबी मात्र जुळवायची नाही. जुनी वाढलेली असते. तिच्या मापाने नवी कापली तर एखादी कडी जास्त जाते. कड्याच मोजायच्या.

मोजण्याबद्दल थोडं, कारण इथेही एकाची चूक होते. लॉकची कडी धरून एकूण १०४ हव्या असतील तर पेटीतून १०३ कड्यांचा तुकडा तोडायचा, दोन्ही टोकांना रोलरवाली आतली कडी यायला हवी. दोन्ही टोकं तशी आली तर आकडा बरोबर असण्याची ती पहिली खूण. मी दर दहाव्या कडीवर पांढरा ठिपका देते आणि हेल्परकडून उलट्या टोकाने पुन्हा मोजून घेते. दहा फुटी पेटीत एक इंची चेनच्या १२० कड्या असतात. उरलेल्या कड्या तारेत ओवून, आकडा लिहून खिळ्याला टांगलेल्या असतात. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन जिकडे जाते तिकडे. उलटी बसवली तर एखाद दिवशी गार्डला घासून निघून जाते.

ढील किती? आडव्या ड्राइव्हला अंतराच्या दोन टक्के. ९२० ला १८ मिलिमीटर, अंगठ्याच्या रुंदीएवढी. ढिला पदर खाली येईल असं फिरवायचं. उभ्या ड्राइव्हला, बकेट एलिव्हेटरच्या मोटरसारखं, याच्या निम्मी, नाहीतर चेन खालच्या स्प्रॉकेटवरून लोंबते आणि दाते सोडते.

चेन बदलायची कधी ते एक इंची चेनवर फार सोपं आहे: २४ कड्या म्हणजे बरोबर दोन फूट. चेन ताणून धरा, टेप लावा. दोन फूट आणि वर अर्धा इंच भरला तर दोन टक्के झाले, नवीची पेटी आणून ठेवा. पाऊण इंचापर्यंत, म्हणजे तीन टक्क्यांवर, कुणी नेऊ नये. तोवर चेन दात्यांच्या टोकांवर चढलेली असते आणि नव्या चेनबरोबर स्प्रॉकेटही घ्यावी लागतात.

दात्यांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. कड्या सम म्हणून स्प्रॉकेटचे दाते विषम घ्यावेत असं जुने फिटर सांगतात. कारण कागदावर उतरवून बघा. १०४ कड्या आणि १६ दाते घेतले तर १०४ मध्ये १६ सहा वेळा जाऊन ८ उरतात. म्हणजे एखादा रोलर या फेरीला पहिल्या दात्यापाशी बसला तर पुढच्या फेरीला नवव्यापाशी, त्यापुढच्या फेरीला परत पहिल्यापाशी. तो रोलर आयुष्यभर दोनच जागी बसणार. एखाद्या दात्याला खोट असेल तर ठरावीक रोलरच मार खाणार. १७ दाते घेतले की तोच रोलर सतरा फेऱ्यांत सतराही जागी बसून येतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. एका दात्याचा फरक.

तिसरं स्प्रॉकेट किंवा आयडलर (चेनला ताण देणारं मोकळं चाक) असेल तर हे सूत्र चालत नाही. तिथे मी वर्कशॉपच्या फरशीवर खडूने पूर्ण मापात वर्तुळं काढते, दोरी फिरवून मोजते, पिचने भागते आणि सम आकडा आयडलरने जुळवून घेते.

गेल्या आठवड्यात एका बेदाण्याच्या मशीनचं काम आलं. १२बी चेन, १९ आणि ३८ दाते, मालकांनी सांगितलेलं अंतर ६००. पिच १९.०५, म्हणजे ३१.५ पिच, दुप्पट ६२.९९, अधिक २८.५, अधिक ०.२९, एकूण ९१.७८. वर ९२, उलट काढलं तर ६०२ मिलिमीटर. बाबा आता रोज येत नाहीत, पण त्या दिवशी होते. चष्मा कपाळावर सरकवून बेस प्लेटवर मार्किंग करत होते. "सहाशे धरू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सहाशे दोन, बाबा. ब्याण्णव कड्या." त्यांनी मारलेली रेघ अंगठ्याने पुसली, दोन मिलिमीटर पुढे पुन्हा मारली आणि शेजारी खडूने लिहिलं: ९२.